हिवरदऱ्याची माणसं

विरजण मागायचं म्हणून गुणमालाकाकी वाटी घेऊन शेजारी गेल्या. तसं त्यांच्या फ्रीजमध्ये चमचाभर विरजण होतं. पण दोन दिवस शेजारच्या क्रांतीच्या खोलीतून कसलासा टुंग टुंग आवाज येत होता, मधूनच ती पोरगी स्वतःशी बोलत होती, आणि हे काय चाललंय ते कळल्याशिवाय काकींना चैन पडणार नव्हतं.

इस्लामपूरच्या कडेला, जिथं घरं संपून उसाची रानं सुरू होतात, तिथं ही दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एकात काकी आणि त्यांचे यजमान रायगोंडा. मुलगा भरतेश बंगळूरला नोकरीला. दुसऱ्यात बनुबाई आणि तिची लेक क्रांती. बनुबाईचा नवरा मिलिटरीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही घरांच्या मागं एक मोकळा प्लॉट, काकींच्या नावावरचा. तिथं भरतेशचं घर बांधायचं ही काकींची जुनी आस. नकाशा त्यांच्या डोक्यात कधीच तयार झाला होता. सुनेच्या स्वयंपाकघराची खिडकी आपल्या अंगणाकडं काढायची, म्हणजे हाकही मारता येईल आणि आज भाजी काय केलीय तेही कळेल.

क्रांती कॉटवर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसली होती. काकी वाटी हातात धरूनच तिच्या खांद्यावरून वाकल्या. पडद्यावर डोंगर, नदी, रस्ते, बारकी बारकी घरं. वरच्या कोपऱ्यात आकडे. क्रांती म्हणाली, हा खेळ आहे, ह्यात आपण राज्य चालवायचं. तिजोरीत पैसा मोजका असतो, माणसं सतत काहीतरी मागत असतात, आणि मधूनच एक चौकोन उघडतो. हे करायचं का ते करायचं, एवढंच विचारतो. दोन्हीकडं कुणीतरी रडणारच असतं.

"मग खेळायचं कशाला असलं?" काकींनी विचारलं.

त्याचं कारण काकींना ठाऊक होतं, तरी त्यांना ते क्रांतीच्या तोंडून ऐकायचं होतं. अधिकारी व्हायची मोठी परीक्षा पोरगी लेखीत पास झाली होती. मुलाखतीत मात्र बसली ती मुकाटच. तुम्ही अधिकारी आहात, धरण बांधायचंय, गाव उठवायचंय, काय कराल, असं विचारलं होतं म्हणे. क्रांतीला दोन्ही बाजू दिसल्या आणि तोंडातून शब्द फुटला नाही. आता माघात पुन्हा मुलाखत होती. तिच्या वर्गातल्या सूरजनं हा खेळ दिला होता. रोज खेळ, निर्णय घ्यायची सवय लागेल म्हणाला.

त्या दिवसापासून काकी रोज दुपारी भिजवलेले शेंगदाणे घेऊन हजर. टीव्हीवरची मालिका सुटली. शाळा आधी का दवाखाना आधी, उसाला पाणी का प्यायला पाणी, सगळ्यात काकींचं मत तयार. एकदा त्यांनी हट्टानं सगळी दारूची दुकानं बंद करायला लावली. तिजोरी निम्म्यावर आली, लोक रस्त्यावर उतरले, क्रांतीचं राज्य जाता जाता राहिलं. काकी म्हणाल्या, एवढं चांगलं केलं तर उलटली की गं माणसं. क्रांती बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली, आणि आतल्या खोलीत तांदूळ निवडणारी बनुबाईसुद्धा हसली.

खेळातल्या गावांना नावं नसायची, नुसते नंबर असायचे. क्रांती त्यांना आपल्या मनानं नावं द्यायची. डोंगराच्या कुशीतल्या एका लहान वस्तीपाशी ती अडली तेव्हा काकी बोलून गेल्या, "हिवरदरा म्हण." असलं गाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. कुठून तोंडात आलं कोण जाणे. क्रांतीनं टाईप केलं. डोंगराखाली नाव उमटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात चौकोन उघडला तो नेमका त्याच गावाचा.

खालच्या तीन शहरांत प्यायला पाणी नव्हतं. वर धरण बांधलं तर पाणी मिळणार होतं, पण हिवरदरा बुडणार होतं. चाळीसेक घरं. क्रांती दोन दिवस त्या चौकोनासमोर बसून होती. जेवायला उठायची नाही, केस विंचरायची नाही. मुलाखतीच्या खोलीत बसली होती तशीच पुन्हा बसली होती, हे काकींना दिसत होतं. ह्याही वेळी पोरगी तशीच परत येणार, ही भीती बनुबाईच्या चेहऱ्यावर होती.

तेव्हा काकी म्हणाल्या, "आईला कौल लावायला सांग की."

बनुबाईच्या देव्हाऱ्यात जोतिबाची वीतभर पितळी मूर्ती होती. रविवारी कॉलनीतल्या, रानातल्या बायका तिच्याकडं यायच्या. बोअर मारायची का, म्हैस विकायची का, पोरगी त्या घरात द्यायची का, असलं विचारायला. बनुबाई मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना शेवंतीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायची. उजवीकडची आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नको. विचारणाऱ्यानं आपल्या तोंडानं विचारायचं, आणि जे मिळेल ते पाळायचं, मनाविरुद्ध असलं तरी. उगाच गंमत म्हणून विचारायला कुणी आलं तर बनुबाई त्याला दारातूनच वाटेला लावायची.

काकी जैन. त्यांच्या घरी असलं काही नव्हतं. पण एवढ्या वर्षांत हा कौल त्यांनी डोळ्यांनी कधी बघितला नव्हता, आणि बघायची मनापासून इच्छा होती.

क्रांती डोक्यावरून ओढणी घेऊन उभी राहिली. एक गाव आहे, ते उठवायचं का, एवढंच ती म्हणाली. बनुबाईनं पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि हात तसाच धरून विचारलं, "खरं गाव हाय का हे?"

क्रांती घुटमळली.

"हाय की," काकी पटकन म्हणाल्या. "नकाशावर हाय. मी बघितलंय."

बनुबाईनं पाकळ्या लावल्या. एरवी कौलाला वेळ लागायचा, बायका बसून बसून पेंगायच्या. त्या दिवशी बनुबाईचं बोट मूर्तीवरून निघालं मात्र, उजवी पाकळी सुटली आणि पाटावर पडली. पडल्याचा आवाज आला. पाकळीचा कसला आवाज येतोय, असं काकींनी नंतर स्वतःला शंभरदा समजावलं. पण आला.

क्रांती खोलीत गेली आणि तिनं एका दमात कळ दाबली. हिवरदरा उठवा. लगेच दुसरा चौकोन आला. त्या माणसांना नवी जागा आत्ता द्यायची का नंतर? आत्ता द्यायची तर धरण लांबत होतं. कौल मिळाल्याच्या जोरावर पोरीचा हात आता अडखळत नव्हता. तिनं दाबलं, नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना काकी अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. साखर कारखाना सुरू होऊन महिना झाला होता, हवेत मळीचा आंबूस वास भरून राहिलेला. इथल्या माणसांना तो वास वासच वाटत नाही. पण त्या दुपारी तो एकाएकी गेला. त्याच्या जागी ओल्या पाल्याचा वास आला, दाट रानात पाऊस पडून गेल्यावर येतो तसा, आणि त्यात लाकडाच्या धुराचा. काकींनी वर बघितलं.

बनुबाईच्या पायरीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, दंडात चांदीची जाड वाकी, शेजारी एक गाठोडं. पाटणकडच्या डोंगरातल्या जुन्या बायका असं नेसायच्या, हे काकींना आठवलं. आता अनोळखी माणूस दारात बसलेलं दिसलं आणि काकी गप्प राहिल्या, असं कधी झालं नाही.

"कुणाच्यात आलायसा?" त्यांनी विचारलं.

"सायबिणीच्यात."

"कंची सायबीण? हितं सायबीण न्हाई कुणी. गाव कंचं तुमचं?"

"हिवरदरा."

काकींचा हात शेंगांच्या ढिगात तसाच राहिला. ऊन होतं, पलीकडच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर टेपवर गाणी लावून चालला होता. पण ते सगळं भिंतीपलीकडं असावं तसं ऐकू येत होतं. बाईच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू दुकानात विसरून आल्यावर परत विचारायला यावं, तसा आवाज होता.

"उठा म्हनलं, उठलो," बाई म्हणाली. "बसायचं कुठं, ते सांगितलं न्हाई..."

काकी कशाबशा उठल्या, थांबा, आत सांगते म्हणाल्या, आणि मागच्या दारानं बनुबाईच्या घरात शिरल्या. क्रांतीला हाताला धरून पुढच्या दारी आणलं. पायरी मोकळी होती. पायरीवर मूठभर माती पडली होती, लालभडक, ओली. इस्लामपूरच्या भोवती कुठंही खणा, काळीच माती लागते. काकींनी वाकून पायरीला हात लावला. दगड थंडगार होता आणि बाई बसली होती तेवढीच जागा उबदार होती.

"कुणाला सांगितलं हुतंस का गं, त्या गावाचं नाव?"

क्रांतीनं नाही म्हणून मान हलवली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

रायगोंडांना काकींनी संध्याकाळी सांगितलं. जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, तेव्हा पानावर बसूनच सांगितलं. ते हसले. ऊसतोडीला टोळ्या आल्यात, त्यातली कुणीतरी पाणी मागायला आली असेल, म्हणाले. माती तिच्या पायाला लागून आली असेल. गावाचं नाव तुलाच तसं ऐकू आलं असेल. काकींनाही ते पटवून घ्यायचं होतं. त्यांनी जास्तीची अर्धी भाकरी खाल्ली.

त्याच संध्याकाळी क्रांतीनं तो खेळ लॅपटॉपमधून काढून टाकला. काकींसमोरच काढला.

पण दुसऱ्या दिवशी मागच्या प्लॉटात पाच-सहा जण बसले होते. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. रोज दिवस कलला की ओल्या पाल्याचा वास यायचा, मग कुठूनशी गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजायची, टोक... टोक... आणि काकींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं तर प्लॉटात माणसं. म्हातारे, बाया, कडेवर लेकरं. डोक्यावर टोपल्या, पाटे, दाराच्या चौकटी. एका गड्यानं तर अख्खं तुळशीचं वृंदावन पाठीवर बांधून आणलं होतं. ती माणसं काही बोलायची नाहीत, काही मागायची नाहीत. चूल मांडायची नाहीत. नुसती उकिडवी बसायची, गाडीची वाट बघत स्टँडवर बसतात तशी. अंधार पडायला लागला की दिसेनाशी व्हायची. रायगोंडा त्याच खिडकीशी उभे राहून म्हणायचे, प्लॉटात गवत लय वाढलंय, काढून घ्यायला पाहिजे.

त्यांना दिसत नव्हती. काकींना दिसत होती, क्रांतीला दिसत होती, आणि बनुबाईलाही.

बनुबाईनं एका सकाळी काकींना घरात बोलावलं आणि विचारलं. काकींनी काही लपवलं नाही. गाव नकाशावरचं म्हणजे खेळातल्या नकाशावरचं, हेही सांगितलं. बनुबाईनं उठून देव्हाऱ्यातली वात सारखी केली. ती रागावली असती तर काकींना बरं वाटलं असतं.

"काकी, खेळ काय असतंय ते देवाला ठावं न्हाई," ती हळू म्हणाली. "त्यानं उठवलं म्हंजी उठवलं."

"मग आता?"

"ज्यानं उठवलं त्यानं बसवायचं. न्हाई बसवता आलं, तर..." तिनं क्रांतीच्या खोलीकडं बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

ते पुरं करायची गरज नव्हती. क्रांती रोज थोडी थोडी तिकडची होत चालली होती. आधी ती दारात उभी राहून त्या माणसांकडं बघायची. मग प्लॉटाच्या कडेला जाऊन बसायला लागली. मग त्यांच्यात. तिच्या टाचा लाल झाल्या, धुतल्या तरी निघेनात. मुलाखतीची पुस्तकं तशीच पडून राहिली. बोलताना ती मध्येच "आमच्या खोऱ्यात" म्हणायची आणि आपण काय बोललो ते तिला कळायचंही नाही. तिनं बसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. खेळ पुन्हा मागवून घेतला, सूरजनं तो परत पाठवला, पण त्यात ना तो डोंगर होता, ना हिवरदरा. नवंच राज्य, नवेच नंबर. तहसील कचेरीत जाऊन ती पडीक जागांची चौकशी करून आली. कारकुनानं विचारलं, कुठल्या प्रकल्पाची माणसं? ती काय सांगणार?

काकी बनुबाईच्या घरी जाऊन बसायच्या, क्रांतीला बळंच दोन घास भरवायच्या. हिला त्यांनी कडेवर खेळवलं होतं, बोट धरून पहिली पावलं टाकायला शिकवलं होतं. ती माणसं एके दिवशी उठून चालायला लागतील, आणि ही त्यांच्यामागं जाईल, एवढंच त्यांना दिसत होतं.

झालं तसंच.

एका संध्याकाळी काकी ताट वाढत होत्या. भाकरी पानात पडली आणि लाकडी घंटा वाजली. रोज ती एका जागी वाजायची. आज ती पुढं सरकत होती. काकींनी खिडकीतून बघितलं. प्लॉट रिकामा होत होता. माणसांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या होत्या आणि ती एकामागं एक उसाच्या वाटेनं निघाली होती, मावळतीकडं. सगळ्यात शेवटी क्रांती. अनवाणी. तिच्या डोक्यावर कुणाचं तरी गाठोडं होतं.

काकी ताट तसंच टाकून पळाल्या. साठीला टेकलेलं शरीर, गुडघे वाजत होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, मध्ये पिवळा उजेड, आणि पुढं ती सगळी पाठमोरी. एवढी माणसं चालत होती पण पावलं वाजत नव्हती. ऊस मात्र वारा नसताना सळसळत होता.

त्यांनी क्रांतीचा दंड धरला. दंड बर्फासारखा गार होता.

"कुठं निगालीस गं बाई?"

"जायला पायजे, काकी." ती थांबली नाही, तिनं वळूनही बघितलं नाही. "मी उठवलंय त्यांना. जागा मिळंपातूर मी बी त्यांच्यातलीच..."

मागून बनुबाई धावत येत होती. तिचा आवाज येत होता, लेकीचं नाव घेत होती, पण अंतर काही कमी होत नव्हतं. काकी क्रांतीला ओढत होत्या आणि क्रांती काकींना ओढून नेत होती, वासराला दाव्यानं ओढावं तसं. मग काकींनी तिचा दंड सोडला आणि त्या रांगेच्या पुढं जाऊन वाट अडवून उभ्या राहिल्या.

रांग थांबली. घंटा थांबली. पुढं तीच वाकीवाली बाई होती. जवळून तिचा चेहरा काकींनी पहिल्यांदा नीट बघितला. चेहरा माणसाचाच होता, थकलेला. फक्त तो ओला होता, आणि पाणी त्यावरून खाली ओघळायच्या ऐवजी हळूहळू वर चढत होतं... हनुवटीवरून ओठांकडं, ओठांवरून डोळ्यांकडं.

"मी जागा देती," काकी म्हणाल्या. "तुमी बसताय तीच. ती माजी हाय."

"तुजी, का नवऱ्याची?"

"माज्या नावावर हाय."

"कुणासाटी ठेवली हुतीस?"

काकींच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, सुनेच्या स्वयंपाकघराची. अजून न बांधलेल्या भिंतीतली.

"लेकासाटी."

"आन् मग त्यो?"

"त्यो... बघंल त्याचं त्यो."

"बोलून जाशील," बाई म्हणाली. "सायबीण बी बोलली हुती. नंतर देती म्हनलेली."

काकींनी मागं बघितलं. क्रांतीच्या चेहऱ्यावरही, हनुवटीच्या टोकाला, ओल दिसायला लागली होती.

"नंतर न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ताच. जावा माघारी आन् बसा."

"कवापातूर?"

हे मात्र काकींनी ठरवलं नव्हतं. मुलाखतीत पोरगी का गप्प बसली ते त्यांना त्या वेळी उमजलं. उत्तर काहीही दिलं तरी ते कुणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. वर्षभर म्हणावं, तर वर्षानंतर ही माणसं पुन्हा ह्याच वाटेनं निघणार. कायमचं म्हणायला जीभ वळेना.

"तुमच्या गावातलं पाणी उतरंपातूर," त्या म्हणाल्या.

बाईनं गाठोडं सावरलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं."

ती वळली. रांग वळली. काकींच्या दोन्ही अंगांनी ती सगळी माणसं परत गेली, ओल्या पाल्याचा वास त्यांच्या अंगाला घासून गेला, आणि शेवटी वाटेवर क्रांती तेवढी उरली. ती मटकन खाली बसली. डोक्यावर गाठोडं नव्हतं. बनुबाईनं तिला मिठीत घेतलं तेव्हा ती पहिलं काय म्हणाली, तर भूक लागली. काकी मात्र त्या दिवशी उपाशीच झोपल्या. घरी येईपर्यंत दिवस मावळला होता.

त्यानंतर प्लॉटात कुणी दिसलं नाही. वास गेला, घंटा गेली, मळीचा वास परत आला. क्रांतीच्या टाचा दोन दिवसांत स्वच्छ झाल्या. माघात ती मुलाखतीला गेली आणि निवड झाल्याचा फोन आला तेव्हा बनुबाईच्या आधी काकी रडल्या. काय विचारलं गं, म्हणून त्यांनी खोदून खोदून विचारलं. क्रांतीनं तेवढं सांगितलं नाही.

भरतेश पाडव्याला आला, त्यानं बांधकामाचा विषय काढला. काकींनी जागेत दोष निघालाय म्हणून सांगितलं. तो चिडला, शिकलेली माणसं असलं मानतात का म्हणाला. रायगोंडाही चिडले. दोघं चार दिवस काकींशी धड बोलत नव्हते. काकींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मनाला एकच गोष्ट टोचत होती, आणि ती त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती. धरणाचं पाणी कायमचं उतरत नसतं. पाणी उतरंपातूर म्हणजे किती दिवस, हे त्यांना त्या वाटेवर सुचलं नव्हतं. शिवाय तो डोंगर आणि ते धरण आता कुठल्याच लॅपटॉपमध्ये नव्हतं. मग तिथलं पाणी बघायचं कुणी, आणि कुठं?

तसे दिवस बरे चालले होते. प्लॉटातलं गवत कापून घेतलं. ऊन तापायला लागलं.

पोलिओच्या रविवारनंतर घरोघर फिरून राहिलेल्या लेकरांना डोस पाजतात. त्या फेरीला ह्या भागात पूजा नावाची मुलगी यायची, निळी पेटी खांद्याला अडकवून. गुरुवारी दुपारी ती काकींच्या अंगणात आली. आली ती रस्त्याच्या बाजूनं नाही, मागच्या बाजूनं आली. पायरीवर टेकून तिनं पाणी मागितलं. काकींनी तांब्या दिला.

"मागल्या वस्तीत लय पोरं हायती की हो, काकी," पूजा म्हणाली. "माझ्याकडचा डोस संपला. कार्यालयात तर सांगितलं हुतं, हितं लहान मूल न्हाई म्हणून."

"कंची वस्ती?" काकींनी विचारलं.

"ही काय, तुमच्या प्लॉटातली." ती घटाघटा पाणी प्याली. "वळण लय चांगलं हो त्यांचं. एकानं बी रडं काढलं न्हाई. नुसती तोंडं उघडून बसली ओळीनं." मग तिनं पेटीतून शाईचा पेन काढला आणि उन्हात धरून बघितला. "ह्याला काय झालंय कोण जाणे. एकाच्या बी बोटाला खूण धरंना. पुसून पुसून लावली, बोट आपलं वलं ते वलंच." तिनं आपल्या अंगठ्याच्या नखावर रेघ ओढली. काळी, ठळक रेघ उमटली. "हितं तर उठतंय."

काकींनी मान वळवली. मागं प्लॉट उन्हात पांढरा पडला होता. गवताची खुंटं, एक दगड, आणि काही नाही.

पूजा उठली, पेटी खांद्याला लावली, आणि फाटकापाशी जाऊन काहीतरी आठवल्यासारखी वळली.

"हां, त्या थोरल्या बाईनं निरोप दिलाय तुम्हाला. पाणी अजून चढतंय म्हनं. वरची दोन गावं बी उठल्यात." ती हसली. "तुमच्या शब्दावर येत्यात, म्हणाली."